गाव झाले रुग्णालय

सोलापूर शहरात सात रस्ता नावाचा एक चौक आहे. नावाप्रमाणे तेथे सात वाटा एकत्र येतात. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा अशा आसपासच्या तालुक्यांतील खेडुतांना घरात कोणी आजारी पडले म्हणजे सोलापूरची वाट धरावी लागते. शहरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. याशिवाय लहानमोठे दवाखाने तर कितीतरी आहेत. रुग्ण कोठूनही येवो, रुग्णालय आपल्या जागी उभे असणार, दिवे लागलेले असणार आणि आत डॉक्टर असणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. रुग्णालय एके जागी असावे आणि रुग्णाने तेथवर जावे, हीच आपल्याला जगाची रीत वाटते.

परंतु एक रुग्णालय असे होते, की ज्याला स्वतःची इमारत नव्हती. शत्रू आला की ते खेचरांच्या पाठीवर बसून डोंगरात निघून जाई आणि शत्रू परतला की पुन्हा गावात येई. त्याच्या खाटा शेतकऱ्यांच्या घरात होत्या, आणि त्याची काही हत्यारे गावच्या सुतार-लोहारांनी घडविलेली होती. हे रुग्णालय सोलापूरपासून हजारो मैल दूर, उत्तर चीनमधील डोंगराळ मुलखात होते. तथापि त्याची हकिकत सोलापूरकरांना परकी नाही. कारण त्या रुग्णालयाचे पहिले संचालक सोलापुरात जन्मलेले होते. त्यांचे नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. त्या वेळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कमी पावसाचा. ज्वारीची भाकरी हे तेथील लोकांचे रोजचे अन्न. अशा या शहरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात द्वारकानाथ वाढले. पुढे ते मुंबईस गेले आणि परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली. त्याहून वरच्या परीक्षेची त्यांची तयारी चालू होती. चांगला व्यवसाय आणि स्थिर आयुष्य त्यांच्यापुढे अगदी हाताशी आले होते.

त्याच सुमारास चीनवर मोठे संकट कोसळले. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंग शहराजवळील लुगोउ पुलापाशी जपानी व चिनी सैन्यांत चकमक उडाली आणि तिचे रूपांतर पाहता पाहता मोठ्या युद्धात झाले. जपानचे सैन्य शस्त्रसज्ज होते. चीनपाशी माणसे होती, पण शस्त्रे थोडी आणि डॉक्टर तर त्याहूनही थोडे. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे यांचे साहाय्य मागितले. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. ज्याचे स्वतःचे घर अजून आपले झालेले नाही, त्याने शेजाऱ्याला काय द्यावे? तरीही भारतीय जनतेने ही हाक ऐकली. १९३८ साली राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले आणि लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसा दिला. सुमारे २२,००० रुपये जमले. एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर चीनला पाठविण्याचे ठरले.

हे पाच डॉक्टर भारताच्या निरनिराळ्या भागांतील होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे होते. त्यांतील कोटणीस अवघे सत्तावीस वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने हे पथक मुंबईहून निघाले. कामाची मुदत एक वर्षाची ठरली होती.

पथक चीनमध्ये पोहोचले, तेव्हा जपानी सैन्य एकामागून एक शहर घेत पुढे सरकत होते. हँकाऊ शहरात त्यांनी काही दिवस काम केले, परंतु तेही शहर ऑक्टोबर महिन्यात शत्रूच्या हाती गेले. पथक माघार घेत चुंगकिंग येथे आले. तेथे असताना कोटणिसांना सोलापूरहून दुःखद वार्ता मिळाली. त्यांचे वडील निवर्तले होते. अशा वेळी मुलाने घरी परतावे यात गैर ते काय? सहकाऱ्यांनीही त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. परंतु जे काम करण्याचे वचन देऊन आपण निघालो, त्याला अजून हातही लागलेला नाही, हा विचार कोटणिसांच्या मनात प्रबळ ठरला. दुःख पोटात घालून ते पुढे निघाले. १९३९च्या फेब्रुवारी महिन्यात पथक येनान येथे पोहोचले.

येनान हे चिनी साम्यवादी पक्षाचे आणि त्याच्या आठव्या मार्ग सेनेचे केंद्र होते. तो प्रदेश पिवळसर, भुसभुशीत मातीच्या टेकड्यांचा आहे. टेकडीच्या पोटात गुहा खोदून लोक त्यांत राहत. विमानांतून बाँब पडत असल्याने येथील रुग्णालयेही अशाच गुहांत होती. कोटणिसांनी येथे रुग्णसेवा आरंभली आणि त्याबरोबरच चिनी भाषेचा अभ्यासही. दुभाष्याच्या मुखाने रुग्णाचे दुखणे पुरते कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. चिनी लोकांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या अखेरीस ‘हुआ’ हे अक्षर होते. ‘हुआ’ म्हणजे चीन. डॉ. कोटणीस झाले के दीहुआ.

एक वर्षाची मुदत संपत आली. चोळकर आणि मुखर्जी १९३९ साली मायदेशी परतले. डॉ. अटल १९४० साली परतले. त्यांत त्यांच्याकडे उणेपणा नव्हता.  कोटणीस आणि बसू मात्र थांबले आणि थेट युद्धाच्या आघाडीकडे निघाले. शत्रूच्या फौजांमधून वाट काढीत, बरेचसे अंतर घोड्यावर आणि पायी तोडीत ते उत्तरेकडील डोंगराळ भागात आले. आपल्या या कथेतील रुग्णालय तेथेच होते. परंतु कोटणीस तेथे पोहोचण्यापूर्वीच त्या रुग्णालयावर दोन आघात होऊन गेले होते. ते समजण्यासाठी थोडे मागे वळले पाहिजे.

त्या रुग्णालयाचा पाया डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी घातला. ते कॅनडाचे. छातीच्या शस्त्रक्रियांत त्यांचा मोठा लौकिक होता. स्पेनमधील यादवी युद्धात त्यांनी रणभूमीच्या जवळ जाऊन जखमींना रक्त देण्याची व्यवस्था उभारली होती. १९३८ साली ते चीनमध्ये आले आणि जखमी सैनिकांचे हाल पाहून व्यथित झाले. जखमींना डोंगरवाटांनी रुग्णालयापर्यंत आणण्यात कित्येक दिवस जात. तोवर जखमा चिघळत, आणि जे हात-पाय वाचू शकले असते ते कापावे लागत. कित्येक जण वाटेतच प्राण सोडीत.

बेथ्यून यांना वाटले, की प्रथम एक आदर्श रुग्णालय उभारावे. शान्सी प्रांतातील सोंगयानकोऊ नावाच्या खेड्यात एक जुने मंदिर होते. गावकऱ्यांच्या मदतीने त्यांनी त्याचे रुग्णालयात रूपांतर केले. भिंती रंगविल्या, शस्त्रक्रियेची खोली तयार केली, खाटा बनविल्या. १५ सप्टेंबर १९३८ रोजी मोठ्या समारंभाने ते उघडण्यात आले. परंतु थोड्याच काळात जपानी सैन्य त्या खोऱ्यात शिरले आणि एवढ्या कष्टाने उभारलेले ते रुग्णालय त्याने उद्ध्वस्त केले. हा पहिला आघात होय.

दुसरा एखादा असता तर खचून गेला असता. बेथ्यून यांनी मात्र या नाशातून एक धडा घेतला. ज्याला एक जागा आहे, त्या रुग्णालयावर शत्रू चालून येऊ शकतो. मग रुग्णालयाला जागाच नसली तर? जखमींनी डॉक्टरकडे येण्यापेक्षा डॉक्टरनेच जखमींकडे गेले तर? त्यांनी खेचराच्या पाठीवर बसतील अशा लाकडी पेट्यांचा एक सांगाडा बनविला. त्यात शस्त्रक्रियेची हत्यारे, औषधे, पट्ट्या आणि मोडलेल्या हाडांना बांधायच्या फळ्या असे सारे सामान मावत असे. त्याचा आकार कमानीच्या पुलासारखा असल्याने त्याला ‘लुगोउ पूल’ असे नाव पडले. ज्या पुलापाशी युद्ध पेटले, त्याचेच नाव जखमींचे प्राण वाचविणाऱ्या पेटीला मिळाले! एखाद्या घरात किंवा देवळात सामान उतरावे, दिवा लावावा, पाणी उकळावे, आणि शस्त्रक्रियेला आरंभ करावा. काम संपले की पुन्हा सामान खेचरावर चढवून पुढची वाट धरावी.

रक्ताचा प्रश्नही त्यांनी गावाच्याच साहाय्याने सोडविला. डोंगरात बर्फपेट्या नव्हत्या, त्यामुळे रक्त साठवून ठेवणे शक्य नव्हते. म्हणून गावातील धडधाकट माणसांना रक्तदानाचे महत्त्व पटवून त्यांनी रक्तदात्यांची तुकडी तयार केली. आरंभी लोक भ्याले. तेव्हा बेथ्यून यांनी स्वतःचे रक्त देऊन त्यांची भीती घालविली. याखेरीज १९३९ साली त्यांच्या पुढाकाराने तरुण मुलामुलींना वैद्यकाचे व शुश्रूषेचे शिक्षण देणारी एक शाळाही तेथे सुरू झाली.

त्याच वर्षी दुसरा आघात झाला. घाईने शस्त्रक्रिया करीत असताना बेथ्यून यांच्या बोटाला कापले. हातमोजे मिळत नव्हते. पुढे एका रुग्णाच्या सडलेल्या जखमेतील जंतू त्या बोटातून त्यांच्या रक्तात शिरले. आज अशा वेळी जंतुनाशक औषधाची सुई दिली जाते. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला होता, परंतु औषध म्हणून त्याचा उपयोग माणसांवर होऊ लागला तो १९४१ नंतर. बेथ्यून यांना वाचविण्याचा उपाय त्या डोंगरात नव्हता. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी होपेई प्रांतातील तांग परगण्यात त्यांचा अंत झाला. इमारत आधीच गेली होती, आता डॉक्टरही गेला.

जून १९४० मध्ये कोटणीस आणि बसू तांग परगण्यात पोहोचले, तेव्हा बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणाचा समारंभ व्हावयाचा होता. दोघेही त्यास उपस्थित राहिले. या माणसाचे काम आपण पुढे चालवायचे, असा निश्चय कोटणिसांनी तेथे केला. बसू पुढे येनानला परत गेले. कोटणीस त्या डोंगरातच राहिले आणि वैद्यकीय शाळेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. ते शिकवीत चिनी भाषेतच. ज्या भाषेचे एकही अक्षर दोन वर्षांपूर्वी त्यांना ठाऊक नव्हते, त्या भाषेत ते आता विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करीत होते.

रुग्णालयाला आता ‘बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय’ असे नाव मिळाले होते. जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांची त्याचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली. संचालक म्हटले की मोठी खोली, मेज, खुर्ची आणि दारावर शिपाई असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. गेगोंग गावातील या संचालकाजवळ त्यांपैकी काही नव्हते. त्यांचे रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची मातीची घरे होती. उत्तर चीनमधील घरांत ‘खांग’ नावाचा मातीविटांचा रुंद ओटा असतो. चुलीचा धूर आणि ऊब त्याच्या पोटातून खेळविलेली असते. कडाक्याच्या थंडीत सारे कुटुंब त्यावर निजते. गावकऱ्यांनी आपल्या खांगवर जखमींना जागा दिली. जखमींना वाहून आणणारे गावचेच पुरुष होते. कपडे धुणे, पट्ट्या उकळणे आणि रुग्णांना भरविणे या कामांना गावातील स्त्रिया पुढे येत. गाव आणि रुग्णालय यांच्यात भिंत अशी उरलीच नव्हती.

औषधांची चणचण फार मोठी होती. जपानी सैन्याने त्या मुलखाची नाकेबंदी केली होती, आणि बाहेरून येणारे सामान क्वचितच आत पोहोचे. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. अन्नही साधेच. आपल्याकडे ज्याला राळे म्हणतात, त्या धान्याचा भात हे तेथील मुख्य अन्न होते. ज्वारीच्या मुलखात वाढलेल्या कोटणिसांनी राळ्याचा भात आनंदाने आपलासा केला.

शत्रूची मोठी मोहीम निघाली की रुग्णालय उठे. चालता येणारे रुग्ण चालू लागत. ज्यांना चालता येत नसे, त्यांना गावकरी डोल्यांतून डोंगरात नेत. शस्त्रक्रियेचे सामान खेचरांच्या पाठीवर चढे. विद्यार्थी आपापल्या वह्या पाठीशी बांधीत, आणि वाटेत जेथे मुक्काम पडे तेथे वर्ग भरे. शत्रू मागे हटला की सारे जण पुन्हा गावात येत.

या श्रमांची कल्पना एका प्रसंगावरून येईल. १९४० साली मोठी लढाई जुंपली, तेव्हा कोटणीस आघाडीजवळच होते. अवघ्या तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या पथकापुढे आले. अशा लढाईच्या काळात एकदा त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. तीन दिवस आणि तीन रात्री! एवढे करूनही लढाई नसेल त्या दिवसांत ते गावातील आजारी माणसांना तपासण्यास जात. सैनिक आणि शेतकरी असा भेद त्यांच्या रुग्णालयात नव्हता.

तेथील लोकांनी प्रेमाने या सावळ्या डॉक्टरला एक नाव दिले. त्या नावाचा अर्थ ‘काळी आई’ असा होतो. ते नाव देणाऱ्यांना मराठी येत नव्हते. आपल्याकडे काळी आई कोणाला म्हणतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु सोलापूरच्या शेतकऱ्याने हे नाव ऐकले असते, तर त्याच्या डोळ्यांपुढे आपले शेत उभे राहिले असते. जी जमीन आपल्याला पोसते, तीच त्याची काळी आई. आपल्या जन्मभूमीच्या मातीचे नाव कोटणिसांना असे परक्या देशात, परक्या भाषेत मिळाले.

तेथील शाळेत ग्वो छिंगलान नावाची तरुणी शुश्रूषाशास्त्र शिकवीत होती. १९४१ साली तिच्याशी कोटणिसांचा विवाह झाला. पुढील वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ठेवण्यात आले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांची नावे त्या एका बाळाच्या नावात एकत्र नांदू लागली.

परंतु कोटणिसांची प्रकृती आता ढासळत चालली होती. अपुरे अन्न, अखंड जागरणे आणि थंडी यांनी शरीर पोखरले होते. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके येऊ लागले. काम सोडून उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले नाहीत. रुग्णांचा प्रश्न तर होताच, पण त्याशिवाय दुसरेही एक काम त्यांनी हाती घेतले होते. ते चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते.

दिवसभर शस्त्रक्रिया करून थकलेल्या डॉक्टरने रात्री दिव्याजवळ बसून पुस्तक का लिहावे? डॉक्टर एका वेळी एकाच रुग्णावर शस्त्रक्रिया करू शकतो. परंतु त्याने दहा विद्यार्थी तयार केले, तर दहा ठिकाणी शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि जे शिकवायचे ते कागदावर उतरविले, तर शिकविणारा नसतानाही शिकणे थांबत नाही. रुग्णालयाची इमारत जळाली होती, त्याचा पहिला डॉक्टर मरण पावला होता, आणि तरीही रुग्णालय चालू होते. ते का टिकले, याचे उत्तर या वह्यांत होते. कोटणिसांचा पहिला ग्रंथ लिहून झाला. दुसऱ्याला त्यांनी आरंभ केला.

तो दुसरा ग्रंथ अपुराच राहिला. ८ डिसेंबर १९४२च्या रात्री त्यांना अपस्माराचे तीव्र झटके आले आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. लहानगा यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही झाला नव्हता. ज्या गावकऱ्यांच्या घरांतून त्यांनी रुग्ण तपासले, त्याच मुलखाच्या मातीत त्यांना ठेवण्यात आले. एक वर्षासाठी गेलेला सोलापूरचा डॉक्टर चार वर्षे राहिला आणि कायमचा तेथलाच झाला.

रुग्णालयावरील हा तिसरा आघात होता. परंतु याही आघाताने ते बंद पडले नाही. कोटणिसांनी शिकविलेले विद्यार्थी आता स्वतःच डॉक्टर झाले होते. खेचरांच्या पाठीवरून फिरणारे ते रुग्णालय युद्धानंतर शिजियाझुआंग शहरात स्थिरावले आणि बेथ्यून यांचे नाव धारण करून तेथे मोठ्या रुग्णालयाच्या रूपाने उभे आहे. डोंगरात भरणाऱ्या त्या शाळेची परंपरा चांगचुन शहरातील जीलीन विद्यापीठाच्या बेथ्यून वैद्यक विभागात चालू राहिली आहे. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत. त्या दोघांची जिवंतपणी कधी भेट झाली नाही.

मायदेशानेही आपल्या या पुत्राला विसरू दिले नाही. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि त्यात कोटणिसांची भूमिका स्वतः केली. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाची तिकिटे काढली. मधल्या काळात, १९६२ साली, या दोन देशांत युद्धही झाले. राज्याराज्यांतील संबंध बिघडतात, सुधारतात आणि पुन्हा बिघडतात. परंतु एका खेड्याने आपल्या डॉक्टरविषयी मनात बाळगलेली कृतज्ञता असल्या चढउतारांवर अवलंबून नसते. सोलापुरात भैय्या चौकाजवळ जेथे कोटणिसांचे घर होते, तेथे आज त्यांचे स्मारक आहे.

सात रस्त्यावर उभे राहिले की कोणता रस्ता कोठे जातो, हे तेथील माणसे सहज सांगतात. त्यांतला एकही रस्ता गेगोंगला जात नाही. तरीही या शहरातील एक तरुण तेथवर पोहोचला. त्याला तेथे भव्य इमारत सापडली नाही, पुरेशी औषधेही सापडली नाहीत. सापडली ती दुखणाईत माणसे, त्यांच्यासाठी आपल्या घराची दारे उघडी ठेवणारे गाव, आणि एका मृत डॉक्टरने अर्धे टाकलेले काम. ते काम त्याने उचलले आणि पुढच्यांच्या हाती देऊन तो गेला.

स्वाध्याय

१. सोंगयानकोऊ येथील रुग्णालय उद्ध्वस्त झाल्यावर डॉ. बेथ्यून यांनी कोणता धडा घेतला? त्याप्रमाणे त्यांनी काय केले?

२. ‘लुगोउ पूल’ या नावाचे दोन संदर्भ पाठात आले आहेत. ते सांगा.

३. गेगोंगच्या गावकऱ्यांनी रुग्णालयाला कोणकोणत्या प्रकारे साहाय्य केले?

४. ‘काळी आई’ या नावाचा चिनी लोकांच्या मनातील अर्थ आणि मराठी माणसाच्या मनातील अर्थ यांतील साम्य स्पष्ट करा.

५. प्रकृती ढासळत असतानाही कोटणीस पाठ्यपुस्तक का लिहीत राहिले असावेत? तुमच्या शब्दांत लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : दुःख पोटात घालणे, हाक ऐकणे, वाट धरणे, आपलासा करणे.

७. तुमच्या गावातील किंवा शहरातील रुग्णालय कोणी व केव्हा सुरू केले, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्याची माहिती दहा ओळींत लिहा.